मी चॅम्पियन खाल्लं

आमच्या कंपनीत दर दोन-तीन वर्षांनी बाहेरचा कुणीतरी माणूस येऊन आम्हाला प्रेरणा देऊन जातो. ट्रेनिंग हॉलचा एसी तेवढ्या दिवशी चालू असतो, मागच्या टेबलावर समोसे झाकून ठेवलेले असतात, आणि सगळ्यांचं निम्मं लक्ष त्या झाकणाकडे असतं. त्या वर्षी आलेल्या गृहस्थांनी बॉक्सिंगची एक जुनी क्लिप लावली. रंग विटलेले, चित्र मधूनच थरथरणारं. एक सडपातळ कोरियन माणूस धडाधड पडतोय आणि उठतोय. गृहस्थ आमच्याकडून मोजून घेत होते. एक! दोन! तीन! चार! पुढच्या फेरीत तोच माणूस समोरच्याला आडवा करतो. टाळ्या. "आता सांगा, तुम्ही कितव्यांदा पडल्यावर उठणं सोडता?"

त्या महिन्यात आमच्या लाइनवर रिजेक्शन वाढलेलं होतं, त्यामुळे हा प्रश्न कुणाला होता ते सगळ्यांना कळलं. मीही टाळ्या वाजवल्या.

शेजारी आमचे कोरियन सर बसले होते. रांजणगावच्या पट्ट्यात कोरियन माणूस दिसणं ही काही नवलाई राहिलेली नाही, पण हे सर जरा निराळे. भेळेत कच्ची कैरी जास्त मागणारे. ते टाळी न वाजवता मला एवढंच म्हणाले, "आईचं सांगितलंच नाही त्यांनी."

समोसा खाताना त्यांनी ते सांगितलं. त्या बॉक्सरचं नाव होंग सू-ह्वान. पडझडीची ही लढत 1977 ची, पण त्याच्या तीन वर्षं आधी तो पहिल्यांदा जगज्जेता झाला तेव्हा त्यानं फोनवर आईला जे वाक्य सांगितलं, ते कोरियात पोराटोरांनाही पाठ आहे. सर स्वतः त्या लढतीनंतर जन्मलेले, तरी वाक्य म्हणताना त्यांचा आवाज सतरा वर्षांच्या मुलासारखा चढला : "ऑम्मा, ना चॅम्पियन मॉगॉस्सॉ!"

"म्हणजे?"

"आई, मी चॅम्पियन खाल्लं."

मी हसले. सरांना वाटलं त्यांचं इंग्रजी चुकलं. ते परत समजावून सांगू लागले, की कोरियनमध्ये पहिला नंबर 'खातात', वय 'खातात', भीती 'खातात'. मी म्हटलं सर, थांबा, हे मला समजावून सांगायची गरज नाही. आमच्यात लोक मार खातात, बोलणी खातात, भाव खातात, डोकं खातात. ऐन वेळी कच खातात. पैसे तर खातातच. सरांनी वही काढली. आम्ही त्या दुपारी समोसे संपल्यावरही बराच वेळ दोन भाषांमधलं खाणं जुळवत बसलो. शिव्या खाणं तर शब्दाला शब्द जुळलं : 'योक मॉक्ता'. ठोसा खाणंही जुळलं. भीती खाणं आणि कच खाणं यांचं सख्खं नाही तरी मावसनातं निघालं. मन खाणं मात्र उलटं निघालं. आपल्याकडे मन खातं, म्हणजे आतून टोचतं. त्यांच्याकडे माणूस मन खातो, म्हणजे निश्चय करतो.

विजेतेपद खाणं आपल्याकडे नाही. आपण ते मिळवतो, जिंकतो, पटकावतो. पोटात जात नाही ते आपल्या.

त्या दिवसापासून हा होंग माझ्या डोक्यात बसला, तो आजतागायत. बॉक्सिंगमधलं मला काही कळत नाही. मी तालमीच्या घरातली. अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगलीकडच्या एका गावात लाल मातीत वाढलेले. त्यामुळे माझ्या कानावर लहानपणापासून पडलेलं सगळं कुस्तीचं. आणि कुस्तीचा हिशोब सरळ असतो. पाठ टेकली की संपलं. उठून परत धरायची सोय नाही. बॉक्सिंगमध्ये पंच दहापर्यंत मोजतो, तेवढ्यात उठलास तर तू अजून खेळात आहेस, ही गोष्टच मला मोठ्या उदार मनाची वाटली. उदार आणि थोडी क्रूरही. कारण मग उठायचं की नाही हे तुझ्यावर येतं.

होंगचा जन्म 26 मे 1950 चा, सोलमधला. 25 जूनला कोरियन युद्ध सुरू झालं तेव्हा हे पोर तीस दिवसांचं. तीन वर्षांनी युद्ध थांबलं तेव्हा देशाचे दोन तुकडे पक्के झाले होते आणि दक्षिणेकडे खायला फारसं काही उरलं नव्हतं. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तिथे बॉक्सिंग का फोफावलं हे समजायला मोठा अभ्यास लागत नाही. एक पोतं टांगायला जागा, हातमोजे, आणि भूक. भूक त्यांच्याकडे पुष्कळ होती. 'हंग्री' हा इंग्रजी शब्द कोरियन बॉक्सिंगच्या बोलण्यात कायमचा येऊन बसलाय असं सर सांगतात. भुकेलेल्यांचा खेळ, पोटभरल्यांचा नव्हे, अशा अर्थानं.

होंग सोळा वर्षांचा होता तेव्हा देशाला पहिला जगज्जेता मिळाला. किम की-सू. हा मूळचा आताच्या उत्तर कोरियातला, युद्धात निर्वासित होऊन दक्षिणेत आलेला. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याला इटलीच्या निनो बेन्वेनुतीनं हरवलं होतं. सहा वर्षांनी त्याच बेन्वेनुतीला, जो धंदेवाईक बॉक्सर म्हणून तोवर एकदाही हरलेला नव्हता, सोलच्या जांगचुंग व्यायामशाळेत आणलं गेलं. आणण्यासाठी 55 हजार डॉलर मोजावे लागणार होते, आणि परकीय चलनाची चणचण इतकी, की त्या रकमेची हमी खुद्द राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी घेतली. लढतीची तारीख 25 जून. युद्ध सुरू झालं तीच. किम जिंकला, तेही पंचांच्या दोन विरुद्ध एक अशा निकालानं. एका माणसाच्या ठोशांसाठी सरकार डॉलर सोडवतं, तेव्हा त्या ठोशांवर काय काय लादलेलं असेल!

1974 च्या जुलैत होंग दक्षिण आफ्रिकेला गेला तेव्हा तो लष्करात सक्तीची सेवा करणारा साधा शिपाई होता. विमानं बदलत बदलत डर्बनला पोचला. डर्बन म्हटलं की आपल्याला 1893 साली तिथे उतरलेले गांधीजी आठवतात, फार तर युवराजचे सहा षटकार. तेव्हाचं डर्बन वर्णभेदाचं होतं, आणि समोर होता गोऱ्या दक्षिण आफ्रिकेचा लाडका अर्नोल्ड टेलर, बँटमवेट गटाचा जगज्जेता. बँटमवेट म्हणजे जास्तीत जास्त साडेत्रेपन्न किलो. गव्हाच्या एका पोत्यापेक्षा थोडं अधिक. पंधरा फेऱ्या झाल्या. होंगनं टेलरला चार वेळा खाली पाडलं आणि गुणांवर लढत जिंकली. परदेशात जाऊन जगज्जेतेपद जिंकणारा हा पहिलाच कोरियन.

मग तो फोन. रेडिओवरून तो अख्ख्या देशानं ऐकला. "आई, मी चॅम्पियन खाल्लं!" आणि आईनं उत्तर दिलं, "हो रे सू-ह्वान, तेहान गुंगमिन मान्से!" यात एक गंमत आहे. घोषणा खरी 'तेहान मिन्गुक मान्से' अशी आहे. तेहान मिन्गुक म्हणजे कोरिया प्रजासत्ताक, मान्से म्हणजे चिरायू होवो. बाईच्या तोंडून घाईत 'गुंगमिन' आलं, म्हणजे नागरिक, जनता. देश चिरायू होवो म्हणायला गेली आणि माणसं चिरायू होवोत असं म्हणून बसली. कोरियन लोक ही चूक अजून प्रेमानं सांगतात. मला ती चूक वाटतच नाही. पण हेही खरं, की समोर माइक आहे, देश ऐकतोय, हे त्या माउलीला पक्कं ठाऊक होतं. एरवी पोराच्या तोंडून 'खाल्लं' ऐकल्यावर कुठली आई घोषणा देईल? काय खाल्लंस, किती लागलंय, असलं काहीतरी विचारेल. तिनं ते नंतर, माइक बंद झाल्यावर विचारलं असेल असं मी आपलं मनाशी धरून चालते.

आता त्या डर्बनच्या लढतीतली एक गोष्ट, जी मला सरांनी नाही सांगितली आणि त्या प्रेरणावाल्या गृहस्थांनी तर नाहीच नाही. टेलर चार वेळा पडला म्हणजे तो चार वेळा उठला. पंधराव्या फेरीची घंटा झाली तेव्हा तो उभा होता. आणि त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर 1973 मध्ये जोहान्सबर्गला, मेक्सिकोच्या रोमेओ आनायाकडून त्यानं ही गादी मिळवली तीसुद्धा पडून पडूनच. चेहरा फुटलेला, पुनःपुन्हा जमिनीवर गेलेला, आणि चौदाव्या फेरीत त्यानं एका ठोशात आनायाला झोपवलं. म्हणजे पडून उठण्यात हा माणूस होंगच्या आधीचा, काकणभर सरसच. 1981 साली मोटरसायकलच्या अपघातात तो गेला. त्याच्या उठण्यावर कुणी म्हण रचल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

होंगच्या उठण्यावर मात्र रचली गेली. चिनी अक्षरांतून आलेली एक जुनी म्हण कोरियात होतीच : 'चिलजॉन-पालगी', सातदा पडा, आठव्यांदा उठा. होंगनंतर तिला धाकटं भावंड झालं : 'साजॉन-ओगी'. चारदा पडा, पाचव्यांदा उठा. (हिशोबी माणसाला इथे ठेच लागते. चारदा पडल्यावर पाचव्यांदा उठायचं कसं? मी सरांना विचारलं. ते म्हणाले, जन्मल्यावर पहिल्यांदा उभं राहतो ते धरायचं. हे त्यांनी जागच्या जागी बनवून सांगितलं असणार, पण मला पटलं.)

क्लिपमधल्या त्या पनामाच्या रात्रीपर्यंत पोचायच्या आधी होंगनं पुष्कळ खाल्लं, आणि या वेळी आपल्या अर्थानं. मार्च 1975 मध्ये कॅलिफोर्नियात मेक्सिकोच्या अल्फोन्सो सामोरानं त्याला चौथ्या फेरीत नॉकआउट केलं. गादी गेली. दुसऱ्या वर्षी सामोराला इंचॉनला बोलावून परत गाठ घातली, घरच्या लोकांसमोर. बाराव्या फेरीत पंचानं लढत थांबवली. परत हार. जगज्जेता झाल्यावर मिरवणुकीत फुलं उधळणाऱ्या गर्दीनं या काळात काय काय म्हटलं असेल ते कोरियन येत नसलं तरी कळतं. योक मॉक्ता.

26 नोव्हेंबर 1977, पनामा सिटी. गट नवा, सुपर बँटमवेट, थोडा जड. डब्ल्यूबीए या बॉक्सिंग संघटनेचा या गटातला पहिलाच विजेता ठरायचा होता. समोर एक्तोर कारास्कीया, अकरा लढती, अकराही जिंकलेल्या, अकराही नॉकआउटनं. वय वर्षं सतरा. घरचं मैदान, घरची गर्दी.

ती क्लिप मी आता इतक्या वेळा बघितलीय की दुसरी फेरी डोळे मिटून सांगता येईल. पहिल्यांदा होंग पडतो तेव्हा त्याला स्वतःलाच नवल वाटल्यासारखं होतं. लगेच उठतो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. खरं तर अनेक ठिकाणी एका फेरीत तीनदा पडलं की लढत थांबवतात. त्या रात्री तो नियम लागू नव्हता. ही सवलत नसती तर म्हणही नसती. चौथ्यांदा तो पडतो तेव्हा पनामाची माणसं उभी राहून नाचायला लागलेली असतात. उठतो, पाय त्याचे नसल्यासारखे हलतात, आणि फेरी संपते.

तिसरी सुरू होते आणि सगळ्यांना वाटतं आता हा पळेल, बिलगेल, वेळ काढेल. हा सरळ पोराच्या अंगावर चालून जातो. पोरगं जिंकल्याच्या नशेत आलेलं असतं, हात खाली. होंगचा ठोसा लागतो, मग बरगडीत एक, मग पोरगं मागे दोरीवर जातं. आणि दोरीवरून घसरत खाली येत असतानाच डावा हात येतो. संपलं. तिसरी फेरी सुरू होऊन फार वेळही झालेला नसतो.

त्या प्रेरणावाल्या गृहस्थांनी क्लिप इथे थांबवली होती, होंगचे दोन्ही हात वर गेले त्या चौकटीवर. पण क्लिप पुढेही आहे. आडवं पडलेलं ते पोरगं आहे. सतरा वर्षं म्हणजे आपल्याकडची बारावी. अकरा लढतींत त्याला कधी कुणी हरवलेलं नव्हतं, मग उठायचं कसं हे शिकणार कधी? होंग सत्तावीस वर्षांचा होता, डर्बनपासून इंचॉनपर्यंत पाडून आणि पडून आलेला. मला तर वाटतं त्या रात्री जिद्दीनं जिद्द हरवली वगैरे काही नाही. पडण्याचा सराव असलेल्यानं सराव नसलेल्याला हरवलं.

आणि उठणं हे नेहमी चांगलंच, हे तरी कुठे खरं आहे? पाच वर्षांनी, नोव्हेंबर 1982 मध्ये, लास वेगासला किम दक-कू हा कोरियन बॉक्सर अमेरिकेच्या रे मॅन्सिनीशी लढला. चौदाव्या फेरीत पडला. दोरीला धरून उठला. पंचानं लढत थांबवली, थोड्या वेळात तो बेशुद्ध झाला, आणि काही दिवसांत गेला. त्याच्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या. 2007 च्या नाताळात, सोलमध्ये, चोई यो-साम हा एकेकाळचा जगज्जेता इंडोनेशियाच्या हेरी आमोलविरुद्ध बारा फेऱ्या खेळला. शेवटच्या काही सेकंदांत पडला, उठला, गुणांवर जिंकलासुद्धा. मग कोसळला. 2 जानेवारीला डॉक्टरांनी मेंदू मृत झाल्याचं सांगितलं. त्याचे अवयव सहा जणांना दिले गेले. या दोघांचंही उठणं होंगइतकंच खरं होतं. ट्रेनिंग हॉलमध्ये त्यांच्या क्लिपा कुणी लावत नाही, लावूही नयेत. पण मग त्या एकाच क्लिपवरून आम्हाला प्रश्न तरी विचारू नयेत.

पुढचं होंगचं आयुष्य भराभर सांगण्यासारखं आहे, कारण ते बहुतेकांसारखं आहे. टोकियोत जपानच्या कासाहाराला हरवून त्यानं पट्टा एकदा राखला. मे 1978 मध्ये सोलमध्येच कोलंबियाच्या रिकार्दो कार्दोनानं तो काढून घेतला, पुन्हा बाराव्या फेरीत. 1980 ला हातमोजे टांगले. पन्नास लढती, 41 विजय, 5 पराभव, 4 बरोबरीत. मग अमेरिकेला गेला, काही काळ टॅक्सी चालवली. मागे बसलेल्या गिऱ्हाइकाला कुठून माहीत असणार, की स्टिअरिंगवरचे हे हात कुठले आहेत. नंतर कोरियात परतला, आणि व्याख्यानं देऊ लागला. कशावर, ते सांगायला नको. चारदा पडल्यावर. शेकडो सभागृहांत, कंपन्यांमध्ये. म्हणजे आमच्या गृहस्थांचा मूळपुरुष तोच निघाला! पण त्याचं माझं भांडण नाही. स्वतःचं पडणं त्यानं स्वतः सांगितलं. ती त्याची कमाई, तो ती खाऊ शकतो.

कारास्कीया पुढे पनामात राजकारणात गेला. कित्येक वर्षांनी कोरियाला येऊन होंगला भेटला. दोघं गळ्यात गळे घालून उभे असलेले फोटो आहेत. त्यात कोण कुणाला सावरतंय ते कळत नाही.

मागच्या दिवाळीत मी ती क्लिप अण्णांना दाखवली. मोबाईल हातभर लांब धरून, चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी दुसरी फेरी बघितली. "अगं, ह्याला चारदा लोळवलाय की. मग अजून कुस्ती चालू कशी?"

मी नियम सांगितला. दहा आकड्यांचा.

"असं होय." थोडं थांबून म्हणाले, "बरं नव्हं हे. पडलेल्याला पडू द्यावं."

मग तिसरी फेरी. होंगचे हात वर गेले, मी मोबाईल घ्यायला हात पुढे केला, तर अण्णांनी तो बाजूला घेतला. क्लिप मागे कशी न्यायची ते विचारलं. मागे नेली. परत बघितली. ते होंगकडे बघतच नव्हते. त्यांचं बोट त्या पोराच्या पायांवर होतं.

"दोरीला टेकायला नको हुतं पोरानं. टेकलास की गेलास. शिकवलं न्हाई कुणी त्याला. किती वर्षांचं म्हणालीस?"

"सतरा."

"पुन्यांदा लाव."